सतरा नंबरची मांजर

२ फेब्रुवारी

आज चाळीस हजार पेशी मोजल्या. डोळे गळून खाली पडायचे तेवढे बाकी आहेत! त्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या नेफ्तालीचे तामालेस, मक्याच्या पानात उकडलेले. सहा जानेवारीच्या गोल पावात बाहुली त्याच्या तुकड्यात निघाली होती, म्हणून आजचं खाणं त्याच्या माथी. एका बाजूला सूक्ष्मदर्शक, दुसऱ्या बाजूला मक्याच्या पानांचा ढीग. डॉक्टर सामोरा ओरडल्या, स्लाइडला चरबीचं बोट लागलं तर एकेकाचा कान पिळीन. ओरडता ओरडता त्यांनीही दोन खाल्ले.

ती बाहुली मात्र बघवत नाही मला. करंगळीच्या पेराएवढं प्लास्टिकचं बाळ. माझा नवरा तेओ त्या आठवड्यात दोनशे गोल पाव भाजतो आणि प्रत्येकात ते खुपसतो. आमचं दुसरं बाळ पोटातच गेलं त्या वर्षी घरच्या पावात त्याने बाळ घातलंच नाही. पाव संपला, कुणालाच काही निघालं नाही. सासूबाई म्हणाल्या, विसरला असेल मेला. तो विसरला नव्हता. तो माझ्याकडे बघत नव्हता, एवढंच.

तीन वर्षं झाली मला इथे ग्वादलाहारात राहायला येऊन, त्याआधी कामाला रोज ये-जा करायचे. पासो ब्लांको, आमचं गाव, बसने सव्वा तास. सव्वा तास!

५ फेब्रुवारी

नवीन फेरीची तयारी. नदीकाठची मांजरं पासो ब्लांकोतून, आणि तुलनेला चांगल्या हवेतली, डोंगरावरच्या ला मेसा गावातून. शिवाय प्राणिसंग्रहालयातले जग्वार, दोन ओसेलोट रानमांजरं. प्रत्येकाच्या कानाला टोचून एक थेंब, काचेवर ओढून पातळ लेप, बस्स.

सासूबाईंना एकदा समजावून सांगायला गेले होते, मी नक्की करते काय. लाल पेशीत काही नसतं, गुळगुळीत असते ती. पण हवेपाण्यातल्या विषाने पेशी बनतानाच आतली दोरी तुटली की एखादा तुकडा मागे राहतो. ठिपका. माणसाची प्लीहा असल्या ठिपक्यांच्या पेशी वेचून फेकून देते, मांजराची देत नाही. म्हणून मांजराचं रक्त खोटं बोलत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकलं, पीठ मळता मळता. मग म्हणाल्या, "मांजराच्या रक्तात एवढं दिसतं तुला. माझ्या लेकाच्या तोंडाकडे बघायला मात्र वेळ नाही."

नदीमुळेच आमची दोन्ही बाळं गेली असं कुणी लिहून दिलेलं नाही. डॉक्टर सामोरांनीही नाही. त्या म्हणतात, मला मांजरं कळतात, तुझं मला माहीत नाही ओतिलिया. पण मी त्या घरात तिसऱ्यांदा ते नाही सोसू शकत. आणि तेओ म्हणतो, भट्टी आजोबांनी बांधली, आई इथे, गिऱ्हाईक इथे, मी जाऊ कुठे? दोघांचंही खरं. खरं असून काय उपयोग.

८ फेब्रुवारी, रविवार

तेओचा फोन. वीस मिनिटं. डॉक्टरांनी जानेवारीत मांजरांचं रक्त घ्यायला गावोगावची चार माणसं शिकवून तयार केली, त्यात हा एक. पहाटे पाव घेऊन दारोदार फिरतो, कुणाच्या घरी किती मांजरं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! मी विचारलं, सुरू केलंस का? तर म्हणाला, "त्याबद्दल बोलायचं नाही. सही केलीय मी. मोजणाऱ्यांना काही सांगायचं नाही. तू मोजणारी." मी म्हटलं, मी बायको आहे तुझी. म्हणाला, "बायको आज, रविवारी. उद्या सकाळी परत मोजणारी."

आमची मांजर आरीना बरी आहे म्हणे. पिठाच्या पोत्यावर झोपून झोपून नाव पडलं तिचं आरीना, म्हणजे पीठ, तशीच पांढरीफटक. नोव्हेंबरात चाचणीदाखल तिचंही रक्त घेतलं होतं आम्ही, तेव्हा अजून नंबर घालून लपवाछपवी नव्हती. दहा हजारांत सव्वीस ठिपके. आमच्या भट्टीवर झोपणारी, आमच्याच नळाचं पाणी पिणारी मांजर. तो आकडा रात्रंदिवस माझ्या डोक्यात आहे.

१८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन आख्खी प्रयोगशाळा कामाला.

२२ फेब्रुवारी, रविवार

मनातलं लिहूनच टाकते. मला परत जायचंय. नदी सुधारली असेल तर. वरच्या अंगाला सांडपाण्याचं नवीन केंद्र सुरू झालंय, फेस कमी झाला म्हणतात. मांजरांचे आकडे खाली आले तर तो कागद पिशवीत घालीन आणि सकाळची पहिली बस धरीन. मला धीर नको, कागद हवाय. हातात धरता येईल असा.

तेओच्या कानाच्या केसांत नेहमी पीठ असायचं. मी फुंकर मारायची, तो मान आखडायचा. आज बसमध्ये एका पाववाल्याच्या मागे उभी राहिले, उतरायच्या स्टॉपवर उतरलेच नाही.

९ मार्च

पहिल्या पेटीतल्या बारा स्लाइड आल्या. डॉक्टरांनी नावं काढून उलटसुलट नंबर घातले, नंबरांची यादी पाकिटात, पाकीट डॉक्टरांच्या खणात, खणाची किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात. शेवटपर्यंत कुणाला कळणार नाही कुठलं मांजर कुठलं.

मला कळलं. चार स्लाइडचा लेप शेवटाकडे वळलाय. उजव्या हाताने ओढला की शेपूट एका बाजूला जातं, डाव्याने ओढला की दुसऱ्या. शिकवलेल्या चौघांत डावखुरा एकच. त्याने पिठाचा गोळा ओढला तरी तसाच वळतो! खुर्चीत बसल्या बसल्या माझे कान तापले. त्याचं पत्रच आलंय असं वाटलं.

लगेच डॉक्टरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उद्या सांगते.

१३ मार्च

नाही सांगितलं.

त्या चारांचे आकडे: सात, पाच, आठ, सहा. सव्वीस नव्हे! माझा विश्वास बसेना, एक तर दोनदा मोजली. आणि सरळ शेपटीच्यांत एक एकवीस निघाली. म्हणजे डोंगरावर एकवीस आणि नदीवर सहा? पण केंद्र सुरू झालंय ना. होऊ शकतं. का नाही होऊ शकत?

घरी येताना नाचावंसं वाटत होतं, सांगते. बाजारातून अडीच किलो पीठ आणलं. खोलीत भट्टी नाही, तरी आणलं.

१५ मार्च, रविवार

फोन नाही.

१६ मार्च

भट्टीवर फोन केला. सासूबाईंनी उचलला. तेओ कुठे? "बाहेर." बाहेर म्हणजे? "बाहेर म्हणजे बाहेर. तू गेलीस तेव्हा मी विचारत बसले का, कुठे कुठे म्हणून?" मागे दीराचा आवाज, बिरोते पाव मोजत होता. तेओ हाताने मोजतो, तोंडाने नाही. म्हणजे भट्टीवर दीर होता. पहाटेच्या वेळी!

मोबाइल लागत नाही त्याचा.

२५ मार्च

दुसरी पेटी. वळलेल्या पाच. आज एका पेशीत कडेला ठिपका होता, जरा फिकट. रंगाचा कण असावा. काउंटर दाबला नाही. मग अजून एक तसलाच. तोही कणच म्हटलं.

कण नव्हता. मी बावीस वर्षं ठिपके मोजतेय, मला कण कळतो.

आकडे: चार, तीन, पाच, चार, तीन. आधीच कमी होते, मी अजून कमी केले. कशासाठी? हावरटपणा, दुसरं काय. पोट भरलेलं असताना शेवटचा पाव उचलतात तसला.

३ एप्रिल

गुड फ्रायडे. शिळ्या पावाचा गोड कापिरोतादा केला, दुकानच्या पावाचा. चिवट. तेओचा पाव तीन दिवसांनी आंबूस कडक होतो, तोच लागतो याला. एका ताटलीत दोघांसाठी वाढला आणि एकटीने संपवला, रागाने.

काल फोन आला त्याचा! दुकानातून बोलतोय म्हणाला, कुठल्या ते नाही. खूप दमलेला आवाज. विचारत होता, थंड जागेत आंबवण जास्त वेळ घेतं का, तुझी आजी काय करायची? मी म्हटलं, आजी मडकं घोंगडीत गुंडाळायची. आपण तीन आठवड्यांनी बोलतोय आणि तुला आंबवण सुचतं? मग म्हणाला, "ओती, थोडं थांब." मी म्हटलं, तीन वर्षं थांबलेच आहे. फोन ठेवला मी. ठेवायचा नव्हता.

दुसरी कुणी असेल का? लिहायला लाज वाटते, पण हा विचार येऊन बसलाय आणि उठत नाही.

२१ एप्रिल

प्राणिसंग्रहालय. म्हाताऱ्या जग्वारणीचा दात काढायचा होता, भूल दिली तेवढ्यात आमचा एक थेंब. तिचा कान मी धरला होता. जाड, गरम, कडेला फाटलेला. भुलीतही तिचा पंजा हलत होता, कुठे तरी चालली होती ती. नेफ्ताली म्हणाला, हात काढ बाई, जागी झाली तर तुझेच ठिपके मोजावे लागतील. मला हात काढावासाच वाटेना. किती महिन्यांनी कुणाच्या तरी अंगाची ऊब लागली हाताला.

दहा हजारांत सात. दरीकाठी राहते, स्वच्छ मांस खाते, तरी सात. डॉक्टर म्हणतात तेच खरं, जगात कुठल्याच मांजराचं रक्त कोरं नसतं. थोडं तुटणं असतंच.

१० मे

आईचा दिवस. रविवार असूनही सगळे कामावर. नेफ्ताली सगळ्यांना लाल फुलं वाटत होता. माझ्या मेजापाशी आला आणि त्याला कळेना, द्यावं की नाही. पुढे गेला, परत आला. काही न बोलता माझ्या पेल्यात फूल ठेवलं आणि पळाला. कुणीतरी त्याच्या आईला चांगला मुलगा दिलाय.

तेओचा फोन नाही. आज तरी करायचा. दर वर्षी करतो. काही बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो, पण करतो.

२ जून

शेवटची पेटी. वळलेली एकच. सतरा नंबर.

लेप नीट आहे. घाईने काढलेला नाही, आवडीने काढलेला आहे. बघत बसले. तीन महिने एक फोन आणि ही वळणं, यापलीकडे त्याचं काही आलं नाही माझ्याकडे. म्हटलं, तू मला टाकलं असशील तर टाक, पण मला माझं घर परत मिळू दे. एक ठिपका आला, सोडला. दुसरा आला, सोडला. अंगठा काउंटरवर ठेवून बसले होते, आणि तो हललाच नाही.

सतरा नंबर: शून्य. वहीत लिहिलं, सही केली.

५ जून

डॉक्टरांनी बोलावलं. दार लावून घेतलं. माझी वही उघडून सतरावर बोट ठेवलं.

"शून्य?"

मी मान हलवली.

"ओतिलिया, हे मांजर आहे की मेणाचा पुतळा? सव्वीस आहे म्हणाली असतीस तर मी रडले असते. दोन म्हणाली असतीस तर दुसऱ्याकडून मोजून घेतलं असतं. शून्य? हे बावीस वर्षं मोजणारी बाई लिहिते?"

मला रडू आलं, पण आधी बोलून घेतलं. डावा हात. वळलेली शेपटं. नऊ मार्चपासून. पासो ब्लांकोची मांजरं आहेत हे मला कळत होतं, म्हणून सोडले. घरी जायचं होतं म्हणून. सगळं सांगितलं, सांगितल्यावर कुठे बघावं ते कळेना.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं. म्हणाल्या, "नदीकाठचा आकडा खोटा कमी निघाला असता ना, तर तो कागद उद्या कारखान्याच्या वकिलाने फडकवला असता. तुला बस धरायची होती. त्या गावात सहाशे घरं आहेत, त्यांनी कुठली बस धरायची?"

मग वही मिटून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. नंबर घातले, नावं झाकली. हात झाकायचा राहिला."

मोजणीवरून काढलं मला. योग्यच केलं. सोमवारपासून काचा धुवायच्या आणि संग्रहालयातून पेट्या आणायच्या.

८ जून

नेफ्तालीने वळलेल्या सगळ्या परत मोजल्या, दुसऱ्या मेजावर. माझ्याकडे पाठ करून. मी काचा धूत होते. सतराचा खरा आकडा सहा. बाकीच्याही पाच ते नऊ.

म्हणजे न खोटं बोलताही कमीच होते! मी ठिपके सोडले नसते तरी हाच कागद मिळाला असता मला. आणि आता मिळाला तर कुठल्या तोंडाने घेऊ? तेओला सांगावं लागेल. त्याने सही केली म्हणून रविवारीसुद्धा अवाक्षर काढलं नाही, आणि मी वहीवर सही करून खोटं लिहिलं. पाव एक ग्रॅम कमी भरला तरी न विकणारा माणूस तो.

भट्टीवर फोन केला. सासूबाईंना म्हटलं, मला फक्त एवढं सांगा, तो बरा आहे ना. मग म्हणाल्या, "बारीक झालाय. तुला काय करायचंय ते लवकर कर." आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता, लग्नातसुद्धा नाही.

१० जून

झोप नाही. आज दोन काचा फोडल्या. नेफ्ताली म्हणाला, शंभर फोड, मी मांडतो हिशोब. मी नुसती हसले. तो चांगला आहे, पण मला तो नकोय, मला पीठ लागलेले कान हवेत.

एकदा जाऊन येईन. कागदाशिवाय. घरात राहायला नाही, नुसतं दारात उभं राहून सांगायला, मी काय केलं ते. त्याने हाकललं तर हाकललं.

१२ जून

पाकीट उघडलं. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. आता तू मोजणारी नाहीस, म्हणाल्या, तेव्हा तुला दाखवायला नियम आड येत नाही.

वळलेली एकही नदीची नाही. सरळ शेपटीच्या नदीच्या. एकोणीस, एकवीस, चोवीस. नदी आहे तशीच आहे. वळलेल्या सगळ्या ला मेसाच्या.

आणि सतराचा फॉर्म, रक्त घेताना ला मेसात भरलेला. डॉक्टरांनी तो तुलनेतून बाद केला होता आणि वर लाल पेनने कारण लिहिलं होतं: मांजर मूळची नदीकाठची. खाली त्याचं डावखुरं अक्षर.

मांजराचं नाव: आरीना. इथे कधीपासून: एक मार्च. त्याआधी कुठे: पासो ब्लांको. मालकाचा धंदा: पाव, भाड्याची भट्टी, आंबवण अजून नीट बसत नाही.

घरात माणसं किती: दोन. एक यायची आहे.